जिथं प्रत्येकाचं काम पडतं

जपानहून परत आल्यापासून मी भेटेल त्याला कानाझावाबद्दल सांगत सुटले आहे. शेजारच्या काकूंना सांगून झालं, भावाच्या कार्यशाळेतल्या सगळ्या पालकांना सांगून झालं, बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी आजोबांनाही सांगून झालं. त्यांनी तर पासबुकाच्या मागच्या पानावर नाव लिहून घेतलं! म्हणून आता सगळं लिहूनच काढते. अशी वस्ती या जगात आहे, माणसं तिथं राहतायत, कामं करतायत, म्हातारी होतायत, आणि इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं कसं नाही?

कानाझावा हे जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडचं, इशिकावा प्रांतातलं शहर. शहराच्या कडेला वाकामात्सु भागात एक जुनं राष्ट्रीय रुग्णालय होतं. ते बंद पडलं आणि जवळजवळ नऊ एकर जागा मोकळी झाली. तिथं २०१४ मध्ये 'शेअर कानाझावा' नावाची वस्ती पूर्ण झाली. ज्येष्ठांसाठी ३२ घरं. त्यांच्या अध्येमध्ये कॉलेजच्या मुलामुलींसाठी ८ घरं. दिव्यांग मुलांची वसतिघरं, त्यात सुमारे तीस मुलं. आणि या सगळ्यांच्या मधे गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नानगृह, उपाहारगृह, लॉन्ड्री, छोटी दुकानं. तिथं दिव्यांग प्रौढ माणसं मेहनताना घेऊन काम करतात. स्नानाला आणि जेवायला शहरातली कुणीही माणसं येतात. म्हातारी माणसं, विद्यार्थी, दिव्यांग मुलं, दिव्यांग प्रौढ आणि पलीकडच्या गल्लीतले शेजारी, सगळे एका पत्त्यावर!

मी एवढी का हरखले, ते सांगते. माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. त्याने चाळिशी ओलांडली आहे. आई पंचाहत्तरीकडे झुकली आहे आणि बाबा नाहीत. विशेष मुलांच्या पालकांमध्ये ऊठबस असलेल्या कुणालाही एक प्रश्न तोंडपाठ असतो : आमच्यानंतर याचं काय? पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न येतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. आई थकली, तिलाच आधार लागायला लागला, तर दोघांनी जायचं कुठे? मी चौकशी केलेल्या वृद्धाश्रमांनी आईला घ्यायची तयारी दाखवली, भावाला नाही. गतिमंद प्रौढांच्या निवासी संस्थांमध्ये भावासाठी प्रतीक्षायादी होती, आईसाठी काही नव्हतं. जन्मभर एकमेकांच्या आधाराने जगलेल्या दोन माणसांसाठी माझ्या वहीत कायम दोन वेगळी पानं होती.

माझी मुलगी तोक्योत नोकरी करते. तिने ही वस्ती शोधली आणि मला घेऊन गेली. २०१५ पासून तोक्यो ते कानाझावा थेट शिनकान्सेन धावते, तीन तासांच्या आत पोचवते. कानाझावाला येणारा प्रत्येक जण आधी केन्‍रोकुएन बागेत जातो. आम्ही बाग बाजूला ठेवली आणि सरळ वाकामात्सु गाठलं.

पहिलं काय दिसलं असेल? अल्पाका! लांब मानेचे, लोकरीचे, शांत डोळ्यांचे अल्पाका, आणि त्यांच्या कुंपणाशी उभी असलेली पोरं. संस्थेत शिरल्यावर जो फिनेलचा वास आणि जे नोंदवहीचं टेबल समोर येतं, त्यांतलं इथं काहीच नाही. दुमजली लाकडी घरं, झाडं, कुणाच्या दारात कुंड्या, कुणाचा कुत्रा. इथल्या ज्येष्ठांना आपला पाळीव प्राणी सोबत आणता येतो, हे कळल्यावर मला आमच्या ओळखीतल्या एक बाई आठवल्या. मांजर सोडून जायचं नाही, म्हणून त्या मुलाकडे राहायला जात नाहीत.

आणि वाटा! कोकणातल्या पाखाडीसारख्या अरुंद, वळत जाणाऱ्या. मला वाटलं, जागा वाचवली असेल. तसं नाही, हे मुद्दाम केलंय. रुंद, सरळ रस्ता केला की माणूस समोर बघत निघून जातो. वाट चिंचोळी असली की समोरून येणाऱ्याकडे बघावं लागतं, बाजूला सरावं लागतं, दोन शब्द बोलावे लागतात. या वस्तीच्या आखणीमागे ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाच्या 'पॅटर्न लँग्वेज'चा विचार आहे. माणसांना कुठे थांबावंसं वाटतं, कुठे बसावंसं वाटतं, कुठे ती सहज एकमेकांना भेटतात, हे बघून जागा घडवायची. म्हणजे शेजारधर्म इथं नुसता माणसांच्या चांगुलपणावर सोडलेला नाही, तो नकाशातच काढलेला आहे! हे ऐकल्यापासून मी आमच्या सोसायटीचा जिना, लिफ्ट, पार्किंग सगळं वेगळ्या नजरेने बघते आहे. आमच्याकडे दोन माणसांनी थांबून बोलावं अशी एकही जागा बिल्डरने ठेवलेली नाही.

विद्यार्थ्यांचं गणित तर किती साधं! त्यांना इथं कमी भाड्यात घर मिळतं आणि बदल्यात महिन्याला तीस तास वस्तीसाठी द्यायचे. मुलांबरोबर खेळायचं, आजी-आजोबांबरोबर बसायचं, कार्यक्रमाला हातभार लावायचा. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी तर स्टुडिओ जोडलेली घरं आहेत. विद्यार्थी रंगवत बसतो, घडवत बसतो, आणि बघणारे बघतात. नर्सचं काम किंवा आंघोळ घालायचं काम त्या मुलांवर नाही. त्यासाठी शिकलेली, पगारी माणसं आहेत. मुलांनी फक्त शेजारी असायचं.

मग मी लॉन्ड्री बघितली आणि मुलीचा हात घट्ट धरला. माझ्या भावाला घड्या घालायला फार आवडतात. चादरीची कड कडेला लागेपर्यंत तो सोडत नाही, घरातली कुठलीही चादर त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय कपाटात जात नाही. आम्ही कौतुक करतो, 'शहाणा माझा' म्हणतो. पण त्याच्या त्या घडीची घराबाहेर कुणाला गरज पडलेली नाही. इथं ती पडली असती! कुणाचा तरी टॉवेल, कुणाची तरी चादर, ठरलेल्या वेळी द्यायची. उशीर झाला तर कुणीतरी वाट बघत थांबलेलं. कौतुक त्याला आयुष्यभर मिळालं. त्याच्यासाठी कुणी खोळंबलंय, असं मात्र कधी झालं नाही.

हे सगळं उभं करणाऱ्या संस्थेचं नाव बुश्शिएन. १९६० मध्ये निचिरेन या बौद्ध पंथाच्या एका देवळातून ती सुरू झाली. युद्धानंतर निराधार मुलांना देवळात आसरा मिळाला होता, त्यातून बौद्धिक दिव्यांग मुलांचं घर झालं. आज संस्था चालवणारे ऱ्योसेई ओया हे संस्थापकांचे नातू. ते त्याच मुलांच्या सोबतीने लहानाचे मोठे झाले. पुढे विशेष शिक्षण शिकले, जपानच्या स्वयंसेवक योजनेतून डॉमिनिकन रिपब्लिकला गेले, वर्तमानपत्रात नोकरी केली आणि मग घरच्या कामात परतले. ते स्वतः देवळाचे पुजारीही आहेत. ज्याने दिव्यांग मुलांना आधी खेळगडी म्हणून ओळखलं आणि 'लाभार्थी' हा शब्द नंतर ऐकला, त्यालाच हे सुचणार, असं मला मनापासून वाटतं.

आणि आता ती गोष्ट, जी ऐकल्यापासून मला झोप नाही. शेअर कानाझावाच्या आधीची आहे. जवळच कोमात्सु शहर आहे. आपल्याकडे रस्त्याच्या कामावर जी पिवळी कोमात्सु यंत्रं दिसतात, त्या कंपनीचं मूळ गाव. तिथल्या नोदा या छोट्या वस्तीत साइएन्जी नावाचं देऊळ ओस पडलं होतं. गावकऱ्यांनी विचारल्यावर बुश्शिएनने ते घेतलं आणि २००८ मध्ये नव्याने उघडलं. जमिनीतून गरम पाणी काढून स्नानगृह केलं, खाण्यापिण्याची जागा केली, म्हाताऱ्या माणसांचं दिवसाचं केंद्र केलं, दिव्यांगांना काम दिलं, आणि सगळं एकाच छपराखाली. गावकऱ्यांना स्नान फुकट. दाराशी घराघरांच्या नावाच्या लाकडी पाट्या टांगलेल्या, आलं की आपली पाटी फिरवायची. कोण आलं आणि कोण बरेच दिवस फिरकलं नाही, हे पाट्यांकडे बघूनच कळावं!

त्या देवळात स्मृतिभ्रंश झालेल्या एक आजी यायच्या. आणि एक तरुण यायचा, तीव्र बहुविकलांग, व्हीलचेअरवर, मान जेमतेम हलणारी. आजींनी एकदा त्याला जेली भरवायला घेतली. आजींचा हात थरथरणारा, त्याची मान वळत नाही, सगळी जेली सांडायची. कर्मचाऱ्यांच्या काळजात धस्स होत असणार. पण त्यांनी आजींच्या हातातून चमचा काढून घेतला नाही. आजी रोज भरवत राहिल्या. काही आठवड्यांनी त्या नीट भरवायला लागल्या आणि त्या तरुणाची मान पूर्वीपेक्षा जास्त वळायला लागली. फिजिओथेरपीने जे साधलं नव्हतं, ते घास घेण्याच्या ओढीने साधलं! आणि रात्री-अपरात्री घराबाहेर निघून जाणाऱ्या आजींचं भटकणं कमी झालं. त्या घरी सांगायला लागल्या की आपण गेलो नाही तर त्या पोराला खायला कोण घालणार.

मुलीने हे जपानीतून वाचत वाचत मला मराठीत सांगितलं आणि आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो. दोघांनाही 'काळजी घ्यावी लागणारी' माणसं म्हणून एकेका यादीत टाकलेलं होतं. वेगवेगळ्या इमारतींत ठेवलं असतं तर आजी भटकत राहिल्या असत्या आणि त्याची मान तशीच राहिली असती. एका छपराखाली आली म्हणून दोघांनी एकमेकांना बरं केलं. सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्रात पावसाचा दृष्टान्त आहे. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, गवत आपल्यापुरतं पाणी घेतं आणि मोठा वृक्ष आपल्यापुरतं. साइएन्जीच्या नव्या नावात तोच दृष्टान्त गुंफलेला आहे. आणि त्या गावचं काय झालं? जपानची खेडी ओस पडताहेत, पण पन्नास-पंचावन्न उंबऱ्यांच्या नोदात घरं वाढली!

परतीच्या गाडीत तोयामा स्टेशन लागलं, तेव्हा मुलीने दुसरी गोष्ट काढली. या तोयामात १९९३ मध्ये कायोको सोमान आणि त्यांच्या दोन सहकारी, अशा तीन परिचारिकांनी रुग्णालयातली नोकरी सोडली आणि एका घरात केंद्र उघडलं. म्हातारे, तान्ही बाळं, दिव्यांग, कुणीही यावं. सरकारी अनुदान मिळेना. कारण अनुदानाच्या अर्जात रकाना एकच : वृद्ध, की बालक, की दिव्यांग? या बायकांनी रकाना निवडायचं नाकारलं. हळूहळू प्रांताच्या सरकारने नियम सैल केले, 'तोयामा पद्धत' देशभर ओळखीची झाली. सोमानबाईंना २०१५ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक मिळालं. आणि २०१८ मध्ये जपानच्या कायद्यानेच वृद्ध आणि दिव्यांग यांना एकाच ठिकाणी सेवा देण्याची वाट रीतसर उघडली. तीन परिचारिकांच्या हट्टापासून देशाच्या कायद्यापर्यंत पंचवीस वर्षं!

माझ्या उत्साहाला आवर घालत काही जण म्हणतात, हे तर आपलं जुनं एकत्र कुटुंबच झालं की. नाही हो! एकत्र कुटुंबात आजारी सासऱ्यांचं, अधू दिराचं, सगळ्यांचं करायला घरातली एकच बाई असायची आणि तिला 'कंटाळले' म्हणायचीही सोय नव्हती. इथं अंग पुसणं, औषधं देणं, रात्री उठणं ही कामं प्रशिक्षित माणसं पगार घेऊन करतात. जपानमध्ये २००० सालापासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आहे. चाळिशीपुढचा प्रत्येक जण हप्ता भरतो आणि गरज पडली की खर्चाचा थोडाच भाग स्वतःच्या खिशातून जातो. दिव्यांगांसाठी वेगळ्या कायद्याखाली पैसा येतो. पैसे दोन खिशांतून आले तरी माणसं एका अंगणात राहू शकतात, हे बुश्शिएनने करून दाखवलं. शुश्रूषेचा भार असा उचलला गेला की शेजाऱ्यांना नुसतं शेजारी राहता येतं, आणि मुलीला, सुनेला, बहिणीला पुन्हा मुलगी, सून, बहीण होता येतं.

आता मी यावर मिळेल ते वाचते आहे आणि एकेक ठिकाण सापडतंय. नेदरलँड्समधल्या देव्हेंतर गावात ह्युमॅनितास या ज्येष्ठांच्या निवासात सुमारे १६० ज्येष्ठांबरोबर सहा विद्यार्थी फुकट राहतात आणि महिन्याला तीस तास 'चांगला शेजारी' होतात. स्वीडनच्या हेलसिंगबोर्यमध्ये नगरपालिकेच्या गृहनिर्माण कंपनीने २०१९ मध्ये ५१ घरांची इमारत उघडली. निम्मे रहिवासी सत्तरीपुढचे, निम्मे अठरा ते पंचविशीतले, त्यांत देश सोडून एकट्याने आलेले निर्वासित तरुणही. आठवड्यातून किमान दोन तास एकमेकांत मिसळायचं, हे भाडेकरारातच लिहिलेलं! आणि बुश्शिएन स्वतःही थांबलेली नाही. नोतो द्वीपकल्पावर तिचा बिअरचा कारखाना आहे, तिथं दिव्यांग माणसं काम करतात. लाखकामासाठी प्रसिद्ध असलेल्या वाजिमा गावात तिने रिकामी पडलेली घरं घेऊन अशीच वस्ती गुंफली. शेअर कानाझावा बघायला तर २०१५ मध्ये पंतप्रधान शिंझो आबे आले होते.

आणि आपण? वरोऱ्याचं आनंदवन पाहिलेल्या मराठी माणसाला यातलं मूळ बीज लगेच ओळखू येईल. कुष्ठरोगातून बरी झालेली, समाजाने टाकलेली माणसं शेती करतायत, कापड विणतायत, घरं बांधतायत. शेजारी अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा, निराधार मुलं, वृद्ध, सगळे एका परिसरात. बाबा आमट्यांनी दान नाकारून काम मागितलं, ते याचसाठी. म्हणजे हा विचार आपल्याला परका नाही. जो आपण रानात, शहरापासून लांब उभा केला, तो शहराच्या वस्तीत, बसस्टॉपपासून चालत जाता येईल अशा जागी आणायचा आहे. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसं जवळजवळ दहा टक्के होती. आता थांबायला वेळ कुठे आहे?

कायदेही आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रमाची तरतूद आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अक्षमता असलेल्या प्रौढांच्या निवासासाठी 'घरौंदा' योजना आहे. आणि केंद्रात ही दोन्ही कामं एकाच सामाजिक न्याय मंत्रालयाच्या छपराखाली येतात! छप्पर एक आहेच, मधली भिंत तेवढी काढायची.

वस्ती बघितली त्या रात्रीच मी आईला फोन लावला होता. जेलीची गोष्ट सांगितली, लॉन्ड्री सांगितली, अल्पाका सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अगं, पण मी तिथं जाऊन काय करणार? माझ्याच्याने आता उभंसुद्धा राहवत नाही फार वेळ."

"आई, तेच तर सांगतेय. तिथं बसून करायची कामंही असतात. एकट्यानं राहणारी पोरं असतात, त्यांना कुणी विचारणारं लागतं."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढ्या माणसांची भाजी कोण निवडतं गं तिथं?"

मला इतका आनंद झाला! गेली काही वर्षं आई फक्त 'आपलं कोण करणार' एवढंच विचारत होती. त्या रात्री ती कामाचं विचारत होती.

परत आल्यावर भावाच्या कार्यशाळेतल्या पालकांची आम्ही बैठक घेतली. प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर मुलाच्या अडचणी लिहायच्या नव्हत्या, त्या फायलींमध्ये भरपूर लिहिलेल्या आहेत. मुलाला काय येतं आणि तुम्हाला स्वतःला म्हातारपणी काय करायला आवडेल, एवढंच लिहायचं होतं. लोक लिहीतच राहिले! घड्या घालणं, झाडांना पाणी, पोळ्या, पेटीवादन, हिशेब, लहान मुलांना शुभंकरोति शिकवणं, कुत्र्याला फिरवणं. एक गृहस्थ निवृत्त इलेक्ट्रिशियन निघाले, त्यांनी सगळ्या वस्तीचं वायरिंग आत्ताच अंगावर घेतलं आहे. जी वस्ती अजून कागदावरही नाही, तिच्यात कामं वाटून झाली.

तर आता आम्ही जागा शोधतो आहोत. नऊ एकर नको. पंधरा-वीस माणसांपासून सुरुवात करायची : काही ज्येष्ठ, काही आमची मोठी झालेली मुलं, दोन-तीन विद्यार्थी, पगारी शुश्रूषा करणारी माणसं, आणि रस्त्यावरून येणाऱ्या कुणालाही चहा मिळेल असा दर्शनी भाग. तुमच्या माहितीत बंद पडलेली शाळा असेल, देवस्थानाची रिकामी धर्मशाळा असेल, कुलूप लागलेला वाडा असेल, पुनर्विकासात तळमजल्याचं काय करायचं असा प्रश्न पडलेली सोसायटी असेल, तर आम्हाला नक्की कळवा. विद्यार्थी असाल आणि भाड्याने जीव मेटाकुटीला आला असेल, तर तुम्ही आम्हाला हवे आहात. म्हातारे असाल तर हवेच आहात. आणि तुमच्या घरात माझ्या भावासारखं कुणी असेल, तर तो काय काय करू शकतो ते आजच लिहायला घ्या. कागद जरा मोठा घ्या.